रिक्षाचे हूड : ठिगळ लावावे की नवे शिवावे?



घर गळायला लागले की घरातली बाई धारेखाली पातेले ठेवते आणि रात्र काढते. रिक्षा गळायला लागली तर पातेले कुठे ठेवायचे? गिऱ्हाईकाच्या मांडीवर? पहिला थेंब पडला की गिऱ्हाईक कोपऱ्यात सरकते, दुसऱ्या थेंबाला कपाळाला आठ्या घालते आणि तिसऱ्या थेंबाला "थांबवा, इथेच उतरतो" म्हणते. पावसाचे दिवस म्हणजे रिक्षाला हात दाखवणाऱ्यांचे दिवस. नेमक्या त्याच दिवसांत फाटक्या हुडापायी धंदा बुडतो आणि चालवणाऱ्याचा खांदा रोज भिजून घरात ताप येतो तो वेगळाच.

आपल्या वस्त्यांमधून रिक्षावर पोट असलेली घरे थोडी नाहीत. कोणाचे स्वतःचे परमिट आहे, कोणी शिफ्टवर दुसऱ्याची गाडी चालवतो, कोणाचा मुलगा कारखाना बंद पडल्यावर बॅज काढून रस्त्यावर उतरला आहे. एंजिनाचा आवाज जरा बदलला की या सगळ्यांचे कान टवकारतात. टायर गुळगुळीत झाला की रोज हात फिरवून बघतात. डोक्यावरच्या कापडाकडे मात्र ते टरकन फाटेपर्यंत कोणाचे लक्ष जात नाही. म्हणून या वेळी आम्ही हुडाचा विषय घेतला आहे. ठिगळ कधी लावावे, नवे कधी शिवावे, आणि दोन्हींचा हिशेब संसाराच्या वहीत कसा मांडावा, एवढेच सांगायचे आहे.

कापडी छप्पर कशासाठी?

कापडी छपराची कल्पना घोडागाडीच्या काळातली. मुंबईच्या व्हिक्टोरियाला मागे दुमडणारे हूड असे. पाऊस आला की वर ओढायचे, सांज झाली की मागे टाकून वारा खायचा. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बेकायदा ठरवल्या आणि पुढे त्या बंद झाल्या. मोटारी आल्या तेव्हा त्यांनीही हेच हूड उचलले. लष्करी जीपला ताडपत्रीचे हूड आले, श्रीमंतांच्या उघड्या मोटारीला भारी कापडाचे आले. सिनेमातला नायक ज्या उघड्या गाडीतून गाणे म्हणत जातो, तिचे छप्पर आणि आपल्या रिक्षाचे छप्पर ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत. कापड आणि किंमत यांत फरक असेल, पण दोन्ही फाटतात त्याच कारणांनी आणि दुरुस्त होतात त्याच रीतीने.

आपली रिक्षा ज्या गाडीवरून आली ती इटलीतल्या पियाजियो कंपनीची १९४८ सालची तीनचाकी 'आपे'. इटालियन भाषेत आपे म्हणजे मधमाशी. आपल्याकडे १९५९ साली बजाज ऑटोला दुचाकी आणि तीनचाकी बनवण्याचा परवाना मिळाला आणि पुढे ही गाडी गावोगाव पोहोचली. तीन चाकांच्या गाडीला वरचे वजन सोसत नाही. डोके जड झाले की वळणावर कलंडण्याची भीती. कापडी हूड हलके, स्वस्त आणि कोपऱ्यावरच्या कुशनवाल्याकडे शिवून मिळणारे. म्हणून ते टिकले.

रेक्झिन मरते कसे?

आपण ज्याला रेक्झिन म्हणतो ते मुळात इंग्लंडमधल्या मँचेस्टरजवळच्या एका कंपनीच्या मालाचे नाव. आज बाजारात त्या नावाने मिळते ते बहुतेक पीव्हीसीचा थर दिलेले कापड असते. खाली सुती किंवा पॉलिस्टरचे विणलेले कापड आणि वर प्लास्टिकचा लेप. ताकद असते खालच्या कापडात, पाणी अडवतो वरचा लेप. ही दोघांची कामे वेगळी आहेत हे ध्यानात ठेवले की पुढचे सगळे सोपे होते.

पीव्हीसी हे मुळात कडक. नळाचे पांढरे पाईप त्याचेच असतात. त्याला मऊ करण्यासाठी तेलासारखे द्रव्य मिसळतात, त्याला प्लास्टिसायझर म्हणतात. रिक्षा दिवसभर उन्हात उभी राहिली की हे द्रव्य हळूहळू बाहेर पडत जाते. चपातीला तेल लावले नाही तर ती दुसऱ्या दिवशी जशी कडक होते, तशी रेक्झिनची गत होते. आधी ताठर होते, मग बारीक चिरा पडतात, चिरेतून पाणी खालच्या कापडात मुरते, सुती कापड असेल तर ते कुजते, आणि एक दिवस वाऱ्याच्या झोताने उभे फाटते. आपण म्हणतो, वाऱ्याने फाटले. वारा निमित्तमात्र. मारले उन्हाने, तेही तीन-चार वर्षे खपून.

दुसरा शत्रू आतला. हुडाखालच्या पाईपला गंज चढला की त्याचा पृष्ठभाग कानशीसारखा खरखरीत होतो. रिक्षा खड्ड्यातून गेली की पाईप कापडावर घासतो. दिवसातून किती खड्डे, ते वाचकांनीच मोजावे. पाईपच्या रेषेवर आतून काळी झिजलेली पट्टी दिसली तर समजावे की कानस चालू आहे.

तिसरा शत्रू ढिलेपणा. पट्टे सैल झाले की हूड मध्ये खोलगट होते, पावसात तिथे पाण्याचा फुगा साठतो आणि त्याच्या वजनाने शिवण उसवते. कोरड्या दिवसांत तेच ढिले हूड वाऱ्यावर फडफडते आणि फडफडणारे कापड आपल्याच शिवणीतून सुटते. चौथा शत्रू दोरा. सुती दोरा ओलाव्याने कुजतो. रेक्झिन धडधाकट आणि दोरा मेलेला, असे खूपदा आढळते. त्या वेळी चालक बिचारा सगळे हूड बदलतो, बदलायला हवा होता तो फक्त दोरा.

परीक्षा चार, खर्च शून्य

ठिगळ की नवे, हे हूडवाल्याच्या दुकानात उभे राहून ठरवू नये. घरी, सुट्टीच्या दिवशी, शांतपणे ठरवावे. त्यासाठी चार परीक्षा आहेत.

पहिली, चिमटीची. फाटलेल्या जागेपासून वीतभर लांब, जिथे रेक्झिन चांगले दिसते तिथे, ते चिमटीत धरून दुमडावे. दुमडीवर चिरा पडून आतले पांढरे सूत दिसले तर रेक्झिन मेले आहे. नुसती रेष उमटून परत सरळ झाले तर जिवंत आहे.

दुसरी, उजेडाची. भर दुपारी मागच्या सीटवर बसून बाजूचे पडदे लावावेत आणि वर बघावे. चांदण्यांसारखे उजेडाचे ठिपके दिसतील. ठिपके एकाच शिवणीच्या रेषेत असतील तर दोऱ्याचा दोष. सगळीकडे विखुरलेले असतील तर कापडाचा.

तिसरी, ओढीची. शिवणीच्या दोन्ही बाजू दोन हातांनी धरून हलकेच ओढावे. दोरा तटकन तुटला तर दोरा गेला. दोरा शाबूत राहून सुईची भोके लांबट झाली तर कापड गेले.

चौथी, बादलीची. एकाने आत बसायचे, दुसऱ्याने वरून बादलीभर पाणी सावकाश ओतायचे. मुलांना हे काम द्यावे, आनंदाने करतात. पाणी कुठून शिरते आणि कुठून ठिबकते या दोन जागा वेगळ्या असतात. पाणी पाईपवरून घरंगळत जाऊन हातभर लांब ठिबकते. ठिबकते तिथे ठिगळ लावून काही उपयोग नाही, शिरते ती जागा शोधावी.

या चार परीक्षांतून तीन उत्तरे निघतात. कापड जिवंत आणि फाटले एका जागी, तर ठिगळ. कापड जिवंत आणि दोरा मेलेला, तर फक्त शिवण बदलणे. कापडच मेलेले, तर नवे हूड. मेलेल्या कापडाला ठिगळ लावणे म्हणजे आभाळाला ठिगळ लावणे. आज इथे लावाल, उद्या ठिगळाच्या कडेने नवी चीर जाईल, कारण नवे ताकदवान ठिगळ जुन्या कमजोर कापडाला ओढत राहते.

ठिगळ लावण्याची रीत

ठिगळ हे हलके काम समजून कोणाकडूनही लावून घेतले जाते आणि महिन्याभरात सुटते. त्यातली चूक बहुतेक वेळा चिकटवण्यात असते. सायकलच्या पंक्चरचे सोल्युशन रबरासाठी असते. पीव्हीसीतले तेलकट द्रव्य त्या सोल्युशनला मऊ करते आणि उन्हात ठिगळ सरकते. झटक्यात चिकटणारा जो छोट्या नळीतला डिंक असतो तो वाळून काचेसारखा कडक होतो आणि हूड हलले की तडकतो. दुकानात मागताना "पीव्हीसीवर चालणारे" असे स्पष्ट सांगून चिकटद्रव्य घ्यावे. पॉलियुरेथेनचे असेल तर उत्तम.

जागा साबणाच्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवावी. ओल्या किंवा तेलकट जागेवर काही चिकटत नाही. ठिगळ फाटलेल्या जागेपेक्षा चारी बाजूंनी दोन बोटे मोठे घ्यावे आणि त्याचे कोपरे गोल कापावेत. चौकोनी कोपरा सगळ्यात आधी उचलला जातो, आपल्या दारावर चिकटवलेल्या कागदाचे बघा. ठिगळ शक्यतो आतून लावावे आणि मोठी फाट असेल तर आतून-बाहेरून दोन्हीकडून. चिकटद्रव्य दोन्ही पृष्ठभागांना पातळ लावून बोटाला चिकचिक लागेपर्यंत थांबावे, मग दाबावे. मग कडेने एक शिवण घालून घ्यावी आणि शिवणीवरून पुन्हा पातळ थर द्यावा, म्हणजे सुईच्या भोकातून पाणी येणार नाही. या कामात वापरायची द्रव्ये लवकर पेट घेतात. तेव्हा मोकळ्या हवेत काम करावे आणि त्या वेळी विडी-काडी लांब ठेवावी.

मागची पारदर्शक खिडकी पिवळी-धुरकट झाली असेल तर तेवढ्यासाठी अख्खे हूड बदलायची गरज नाही. खिडकीपुरते कापून नवीन पारदर्शक पत्रा शिवता येतो. मागून येणारा ट्रक दिसला नाही तर काय होते हे चालकांना आम्ही सांगण्याची आवश्यकता नाही.

नवे शिवताना काय बघावे?

नवे हूड घेताना बहुतेक जण रंग आणि चमक बघतात. आपण उलटी बाजू बघावी. खालचे कापड घट्ट विणीचे आहे का, नखाने खरवडल्यावर वरचा लेप सुटतो का, आणि तुकडा दुमडून दाबल्यावर पांढरी रेघ राहते का, हे तीन प्रश्न दुकानातच सुटतात. एक छोटा तुकडा मागून घरी आणावा आणि आठवडाभर उन्हात टाकावा. चांगला कारागीर तुकडा द्यायला का-कू करत नाही.

दोरा कोणता वापरणार हे विचारावे. सुती नको. नायलॉन कुजत नाही, पण उन्हात पॉलिस्टर त्याहून जास्त टिकतो. टाके फार बारीक नकोत. पोस्टाच्या तिकिटाला कडेने बारीक भोके कशासाठी असतात? फाडायला सोपे जावे म्हणून. हुडाला तशी भोके पाडली तर ते त्या रेषेवर तसेच फाटेल. शिवणीची दिशाही महत्त्वाची. वरच्या तुकड्याची कड खालच्या तुकड्यावर यायला हवी, जशी घराची कौले एकावर एक बसतात. उलटे बसले तर शिवण म्हणजे पाण्याची पन्हळच.

जुने हूड उतरले की लगेच नवे चढवू देऊ नये. सांगाडा उघडा पडण्याची ही संधी तीन-चार वर्षांतून एकदा येते. गंज सॅन्डपेपरने घासावा, रेडऑक्साइड लावावा, त्यावर रंग द्यावा आणि जिथे पाईप कापडाला टेकतो तिथे जाड कापडाची पट्टी गुंडाळावी. पाईप तुटला असेल आणि वेल्डिंग करायचे असेल तर रिक्षा सीएनजीची आहे हे विसरू नये. गॅसचे काम जाणणाऱ्या मेकॅनिकने व्हॉल्व्ह बंद करून, बॅटरीची वायर काढून, सगळे तपासल्याशिवाय ठिणगी पडू देऊ नये. दहा मिनिटांच्या घाईत घर उघड्यावर येऊ शकते.

हूड चढवायचे ते उन्हात. उन्हाने रेक्झिन मऊ होते, ताणून बसवता येते आणि गार झाल्यावर तबल्याच्या पुडीसारखे ताठ राहते. पावसाळ्याच्या गारव्यात बसवलेले हूड पहिल्या उन्हाळ्यात ढिले पडते.

वहीतला हिशेब

आता आमच्या आवडीच्या भागाकडे येऊ. भाव गावोगाव वेगळे आहेत, म्हणून खालचे आकडे केवळ रीत समजण्यासाठी आहेत. वाचकांनी आपले आकडे घालावेत.

समजा ठिगळाला २०० रुपये लागले आणि अर्धा दिवस धंदा बुडाला त्याचे ४०० रुपये. खर्च झाला ६०० रुपये. मेलेल्या कापडावर हे ठिगळ तीन महिने टिकले तर महिन्याला २०० रुपये पडले. आता नव्या हुडाला समजा ४,००० रुपये आणि एक दिवस बुडाल्याचे ८०० रुपये, असे ४,८०० रुपये. ते चार वर्षे, म्हणजे ४८ महिने टिकले तर महिन्याला १०० रुपये. स्वस्त वाटलेले ठिगळ दुप्पट महाग पडले. पण तेच ६०० रुपयांचे ठिगळ जिवंत कापडावर दोन वर्षे टिकले तर महिन्याला २५ रुपये पडतील, आणि तिथे नवे हूड घेणे ही उधळपट्टी ठरेल. म्हणजे "ठिगळ स्वस्त की नवे स्वस्त" हा प्रश्नच अपुरा आहे. खर्चाला महिन्यांनी भागा, उत्तर आपोआप मिळते. आणि भागताना बुडालेला रोज धरायला विसरू नका. आपण खिशातून गेलेला पैसा मोजतो, खिशात न आलेला मोजत नाही.

खरी अडचण पुढे आहे. ४,००० रुपये एकदम आणायचे कुठून? अडल्या वेळी रोजच्या वसुलीवाल्याकडे हात पसरला जातो. समजा तो ४,०००ची चिठ्ठी करून हातात ३,६०० देतो आणि रोज ४० प्रमाणे शंभर दिवस घेतो. वरवर बघता दहा टक्के. पण रोज परतफेड होत असल्यामुळे आपल्याकडे सरासरी राहते सुमारे १,८०० रुपये, आणि त्यावर शंभर दिवसांचे ४०० रुपये आपण देतो. वर्षाच्या मापाने हे व्याज ऐंशी टक्क्यांच्या घरात जाते. हूड एकाचे, आणि ऊब दुसऱ्याला.

याला उपाय जुनाच, थेंबे थेंबे तळे साचे. रोज धंद्यावरून आल्यावर दहा रुपये 'हुडाच्या डब्यात' टाकावेत. महिन्याला २६ दिवस धंदा धरला तर २६० रुपये, वर्षाला ३,१२०. सोळा महिन्यांत ४,००० उभे राहतात, व्याज शून्य. डबा घरातल्या बाईच्या ताब्यात असावा आणि त्याची नोंद शाळेत जाणाऱ्या मुलाने वहीत करावी. बचत गटात ही रक्कम टाकली तर आणखी चांगले. आमच्या माहितीतल्या एका घरात असा डबा सुरू झाला तेव्हा चालक बंधू हसले होते. त्यांच्या पत्नीने मात्र एक दिवसही चुकवला नाही. हूड बदलायची वेळ आली तेव्हा डब्यात हुडाचे पैसे निघालेच, वर मुलाच्या दप्तराचेही निघाले.

पैसे कोणी द्यायचे?

शिफ्टवर गाडी चालवणाऱ्यांची अडचण वेगळी. हूड फाटले की मालक म्हणतो, तुझ्या हातात फाटले. चालक म्हणतो, गाडी तुझी. दोघांच्या भांडणात पावसाळा सुरू होतो आणि भिजतो चालक. यावर आमचे सांगणे असे की गाडी घेताना पहिल्या दिवशीच ठरवावे आणि साध्या कागदावर लिहून दोघांनी सही करावी. उन्हाने, जुनेपणाने, गंजलेल्या पाईपने फाटले तर खर्च मालकाचा. चालकाच्या हातून फांदीला किंवा पत्र्याला अडकून फाटले तर चालकाचा, किंवा निम्मा-निम्मा. गाडी ताब्यात घेताना हुडाचे चार बाजूंनी मोबाईलवर फोटो काढून ठेवावेत. तोंडी बोललेले पहिल्या पावसात वाहून जाते, लिहिलेले राहते.

मालकांनीही एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रवासी रिक्षाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी फिटनेस, म्हणजे आपल्या भाषेत पासिंग करावे लागते. तिथे गाडी फाटक्या अंगाने न्यायची आणि परत पाठवल्यावर धावपळ करायची, यात एका दिवसाऐवजी तीन दिवस जातात. पासिंगची तारीख आणि हुडाची तारीख एकत्र गाठ मारून ठेवली तर दोन्ही कामे एका खर्चात होतात.

रोजची निगा

हूड मऊ फडक्याने आणि साबणाच्या पाण्याने धुवावे. चमक यावी म्हणून काही जण डिझेल, रॉकेल किंवा जळके ऑइल फिरवतात. दोन दिवस चमकते, पण तेच द्रव्य रेक्झिनमधला मऊपणा बाहेर खेचते आणि वर धूळ धरून ठेवते. पक्ष्यांची घाण त्याच दिवशी धुवावी. रात्री झाडाखाली गाडी लावणार असाल तर लटकती फांदी बघून लावावी. दिवसा मात्र सावली शोधावी. तासभर सावली मिळाली तरी हुडाचे आयुष्य वाढते.

१४ एप्रिलला आपण रिक्षा धुऊन-पुसून सजवतो. निळे झेंडे, हार, माळा लावतो. त्या वेळी हुडाला तारेने भोके पाडू नयेत, खिळे-पिना टोचू नयेत. जे बांधायचे ते पाईपला बांधावे. आणि गाडी सजवताना हातासरशी वर सांगितलेल्या चार परीक्षा उरकून घ्याव्यात. बुद्धपौर्णिमेपर्यंत काम उरकले तर मृग लागेपर्यंत निश्चिंत. मे अखेरीला हूडवाल्यांकडे रांग लागते, भाव चढतात आणि घाईत टाके लांबतात.

उतरलेले हूड आणि नवा धंदा

जुने हूड फेकू नये. सगळेच मेलेले नसते. बाजूचे, सावलीतले तुकडे चांगले निघतात. त्यांची खिडकीवरची झडप होते, मोटारसायकलच्या सीटचे कव्हर होते, बाजारची पिशवी होते, सीटखालच्या हत्यारांची गुंडाळी होते. मात्र एक गोष्ट कृपा करून करू नका. रेक्झिनचे तुकडे शेकोटीत किंवा पाणी तापवायच्या बंबात घालू नका. पीव्हीसी जळताना हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू निघतो, तो डोळ्यांना आणि छातीला झोंबतो, आणि डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्येही तयार होतात. अंघोळीचे पाणी तापवायला लेकरांच्या छातीत विष भरणे परवडणारे नाही.

शेवटी तरुणांसाठी एक शब्द. आपल्या वस्तीत शिवण येणाऱ्या मुली आणि बायका पुष्कळ आहेत. ब्लाउज आणि परकर शिवून जेमतेम हातखर्च निघतो. हूड, सीट कव्हर, बाजूचे पडदे हे काम जाड सुईच्या मशीनवरचे आहे. त्याला मापाची अक्कल आणि हाताची सफाई लागते, ती त्यांच्याकडे आहेच. सुरुवातीला पडदे आणि सीट कव्हर, हात बसला की हूड, असा क्रम ठेवावा. जुने हूड उसवून त्याच्या तुकड्यांवरून कागदी नमुने कापून ठेवणे हेच या धंद्याचे पहिले भांडवल. मशीनसाठी मुद्रा योजनेतून, जी २०१५ पासून चालू आहे, शिशु गटात ५० हजार रुपयांपर्यंत कर्ज मिळते. अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी १९७८ साली स्थापन झालेले महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ आहे, त्याच्या जिल्हा कार्यालयात चालू योजनांची चौकशी करावी. अर्ज भरताना आजूबाजूच्या स्टँडवर किती रिक्षा उभ्या राहतात आणि त्यांपैकी किती हुडे फाटलेली आहेत, याची स्वतः मोजून केलेली यादी जोडावी. बँकेच्या साहेबाला तोंडी आश्वासनापेक्षा आकडा लवकर पटतो, हे आम्ही टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून पाहिले आहे.

येत्या रविवारी एक तास काढा. चिमूट, उजेड, ओढ आणि बादली, एवढ्या परीक्षा करा. कापड जिवंत निघाले तर दोन बोटांचे ठिगळ लावून मोकळे व्हा. मेलेले निघाले तर आजपासून डबा सुरू करा आणि हूडवाल्याकडून रेक्झिनचा तुकडा आणून उन्हात टाका.